ठेकेदाराचं बिल आणि आपला हिशेब जुळत नाही तेव्हा

हे महाराष्ट्रात स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यांसाठी आहे. बिल्डरकडून फ्लॅट किंवा रो-हाऊस घेतलं असेल तर तो मामला महारेराचा, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाचा. रेरा कायदा विकण्यासाठी बांधणाऱ्याला लागतो, तुमच्या प्लॉटवर तुमच्यासाठी बांधणाऱ्या ठेकेदाराला नाही. त्यामुळे 'महारेरात खेचतो' असं त्याला सांगू नका. त्याला हे माहीत असतं, आणि पुढच्या बोलण्यातलं तुमचं वजन तिथंच कमी होतं.

माझं काम अशी बिलं तपासून देण्याचं. कधी मालक बोलावतो, कधी ठेकेदार. दोघंही चहा यायच्या आत समोरचा कसा लबाड आहे ते सांगून मोकळे होतात. टेप लावली की बहुतेक वेळा निघतं ते एवढंच, की दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या. लबाडीही निघते, नाही असं नाही, पण तीसुद्धा मोजल्यावरच दिसते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी माप, मग दर, मग पैसे, शेवटी कागद. लोक नेमकं उलट्या टोकानं भांडायला लागतात.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तरी पुढचं वाचा:

- स्लॅब झालाय, ठेकेदार म्हणतो 'हप्ता द्या, मग गिलावा सुरू करतो'. तुमच्या मते कामापेक्षा जास्त पैसे आधीच गेलेत.
- अंतिम बिलाला 'एक्स्ट्रा' नावाचं पान जोडलंय आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्ही पहिल्यांदाच वाचताय.
- साइटवर सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतताना खाली लावायच्या) प्लेटा पडून आहेत, माणसं येत नाहीत, फोन 'उद्या बघतो'वर अडकलाय.
- पक्कं बिल मागितलं की 'मग जीएसटी वेगळा पडेल'.
- वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, काँक्रीटचे चाचणी अहवाल, वॉटरप्रूफिंगची हमी, यातलं काही 'पैसे क्लिअर झाल्यावर' मिळेल असं सांगितलं जातंय. त्यामुळे तिकडे विजेचं मीटर किंवा भोगवट्याच्या दाखल्याचं (घर वापरायच्या परवानगीचं) काम खोळंबलंय.
- गळती किंवा तडे दिसले म्हणून तुम्हीच हप्ता रोखलाय.
- मजूर आठवड्याच्या पगारासाठी तुमच्या दारात आलेत.

यात दोन वेगळी भांडणं आहेत. पहिली पाच लक्षणं हिशेबाची, सहावं दर्जाचं. मजुरांचं लक्षण बहुधा ठेकेदाराकडचा पैसा दुसऱ्या साइटवर वळल्याचं असतं. हिशेब आणि दर्जा एकाच बैठकीत काढले की एकही सुटत नाही: तुम्ही गळतीबद्दल बोलता, तो जिन्याच्या मापाबद्दल, आणि दोघंही बरोबर असता. आधी हिशेब काढा. दोषांची यादी वेगळ्या कागदावर ठेवा, ती शेवटच्या रकमेतून वजा करता येते.

एक अपवाद. बीम किंवा कॉलमला तडा असेल, स्लॅब खाली झुकल्यासारखा दिसत असेल, सळई उघडी पडली असेल, तर हिशेब बाजूला ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

तपासणी १: आधी हात आखडा, पण दार लावू नका

हिशेब होईपर्यंत नवी रोख रक्कम देऊ नका आणि तोंडी नवं कामही सांगू नका. रोजच्या भाषेत सांगितलेलं 'तेवढं इकडचं पण करून टाका' हेच उद्याच्या एक्स्ट्राचं पान असतं.

ठेकेदाराचं सामान मात्र अडवू नका. प्लेटा, टेकू, मिक्सर त्याचा किंवा त्यानं भाड्यानं आणलेला असतो. गेटला कुलूप लावलं की हिशेबाच्या भांडणातून पोलीस ठाण्याचं भांडण तयार होतं आणि त्यात तुम्ही तक्रारदार नसता. सामान न्यायचं असेल तर नेऊ द्या, पण काय नेलं त्याची यादी करा, फोटो काढा, त्याच्या माणसाची सही घ्या.

त्याच दिवशी घराच्या प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, शक्य तिथं टेप लावून. व्हॉट्सॲपवरचं एकही संभाषण पुसू नका. फोन बदलायचा असेल तर आधी बॅकअप. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून चालतात, मात्र कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

आणि रागाच्या किंवा दयेच्या भरात 'तुमचे तीन लाख बाकी आहेत, देतो' असा मेसेज टाकू नका. मुदतीच्या आत लिहून दिलेली अशी कबुली ठेकेदाराची वसुलीची मुदत नव्यानं सुरू करते, आणि आकडाही तुमच्याच हस्ते ठरून जातो. लिहायचंच तर 'बिल मिळालं, मापं तपासून कळवतो' एवढं पुरे.

तपासणी २: दिलेल्या पैशांची एक यादी

याला खर्च शून्य, आणि इथं सुटणारी भांडणंही बरीच असतात. तारीख, रक्कम, कोणत्या मार्गानं, कशासाठी. बँकेचं स्टेटमेंट, यूपीआय, धनादेश, रोख. याच्याशेजारी दोन वेगळे रकाने हवेतच: तुम्ही परस्पर आणलेलं साहित्य, आणि ठेकेदाराच्या सांगण्यावरून मजुरांना किंवा दुकानदाराला परस्पर दिलेले पैसे.

हे दोन रकाने महत्त्वाचे, कारण घोळ इथंच असतो. दर मटेरियलसह ठरला असेल तर तुम्ही आणलेल्या सिमेंटच्या गोण्या बिलातून वजा व्हायला हव्यात. दर फक्त मजुरीचा असेल तर त्या गोण्यांचा ठेकेदाराच्या बिलाशी संबंधच नाही. मालकाच्या डोक्यात एक आणि ठेकेदाराच्या डायरीत दुसरं, असं मी वारंवार पाहतो.

रोखीच्या पावत्या नसतील तर ठेकेदाराची डायरी मागा. हे लोक उचल नीट लिहून ठेवतात, मजुरांना तीच दाखवायची असते. यापुढे रोख दिलीच तर पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट आणि त्यावर सही. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यानं मनाई आहे, दंड घेणाऱ्याला आणि तोही तेवढ्याच रकमेचा. रोखीचा आग्रह धरणाऱ्या ठेकेदाराला ही आठवण शांतपणे करून द्यायला हरकत नाही.

यादी त्याला पाठवा आणि 'काही चुकत असेल तर आठ दिवसांत सांगा' असं लिहा. तो दोन नोंदी दुरुस्त करेल, बाकीच्या आपोआप मान्य होतील.

तपासणी ३: दर नेमका कशाचा होता?

करारपत्र असेल तर तेच. नसेल तर कोटेशन, मेसेज, पहिल्या दोन बिलांत लावलेला दर. स्टॅम्पपेपर नाही म्हणून करारच नाही, हा समज दोन्हीकडे आढळतो आणि तो चूक आहे. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी करारही मानतो. त्याच कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणजे 'लिहून कुठं दिलंय' असं म्हणून मालक सुटत नाही. मुद्रांक कमी पडला असेल तर शुल्क आणि दंड भरून तो कागद पुराव्यात घेता येतो.

करारात पाच गोष्टी शोधा: दर चौरस फुटाला की बाबवार (प्रत्येक कामाचा वेगळा), क्षेत्रफळ कसं मोजायचं, दरात काय धरलंय आणि काय वगळलंय, हप्ते कोणत्या टप्प्याला, आणि शेवटची अनामत (दोष निघाले तर म्हणून राखून ठेवायची रक्कम) किती. अनामत साधारण ५ टक्के, एक पावसाळा जाईपर्यंत, असा रिवाज आहे. पण करारात नसेल तर ती मनानं कापता येत नाही, मागून घ्यावी लागते.

तपासणी ४: क्षेत्रफळ

चौरस फुटाच्या दरानं दिलेल्या कामात सगळ्यात मोठी रक्कम इथं अडकते, आणि टेपशिवाय काही लागत नाही.

समजा तुम्ही मंजूर नकाशावरून १,२४० चौरस फूट धरलेत आणि बिलात १,४१० आहेत. फरक १७० चौरस फुटांचा. दर १,८०० असेल तर हे ३,०६,००० रुपये. मालक इथं 'वाढवून लावलं' म्हणतो. मी म्हणतो, १७० चे तुकडे करा. जिन्यावरची केबिन ७८. बाल्कनी तुम्ही निम्मी धरली, त्यानं पूर्ण, ते ४२. छज्जे ५०. आता भांडण तीन लाखांचं उरलं नाही, तीन छोट्या प्रश्नांचं झालं, आणि प्रत्येकाला उत्तर आहे. केबिनला स्लॅब आहे, भिंती आहेत, गिलावा आहे. ती मोजणं रास्त. बाल्कनीबाबत करार गप्प असेल तर मी तीन बाजूंनी उघडी बाल्कनी निम्मी धरायला सांगतो, बरेच ठेकेदार ऐकतात. छज्जा चौरस फुटाच्या दरात आधीच बसलेला असतो, वेगळं क्षेत्र म्हणून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तोही यावर फार ताणत नाही, कारण त्यानं ते 'लावून बघितलेलं' असतं.

मंजूर नकाशावरचं क्षेत्र आणि बिलाचं क्षेत्र एकच असायला हवं असं मात्र धरू नका. नकाशातलं क्षेत्र चटईक्षेत्राच्या नियमांसाठी काढलेलं असतं आणि त्यात काही भाग मोजायचे नसतात. ठेकेदारानं तर तेही भाग बांधलेले असतात. म्हणून बाहेरून बाहेरपर्यंत, गिलाव्यासह की गिलाव्याआधी ते ठरवून, दोघांनी मिळून मोजा. माप लिहा, लगेच दोघांच्या सह्या. घरी जाऊन 'फेअर' करायला घेतलेला कागद परत येताना बदललेला असतो.

दर बाबवार असेल तर भारतीय मानक आयएस १२०० हा मोजमापाचा आधार घ्या. त्यातला एक नियम माहीत नसल्यामुळे किती वाद होतात! मालक विचारतो, 'दारं-खिडक्यांच्या जागेचाही गिलावा लावलाय, हे काय?' नियम असा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजाच करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरमधलं असेल तर एकाच बाजूचं वजा करायचं, कारण चौकटीच्या कडांचा गिलावा वेगळा लावत नाहीत, तो यात भरून निघतो. तीनच्या वर असेल तर दोन्ही बाजू वजा, आणि कडा वेगळ्या मोजायच्या. म्हणजे १ मीटर बाय २.१ मीटरच्या दाराचं २.१ चौरस मीटर एका बाजूनंच वजा होणार. २.४ बाय २.१ चा सरकता दरवाजा ५.०४ होतो, तो दोन्हीकडून वजा व्हायला हवा. बिलात तसा झालाय का, ते पाहा.

सळईचं वजन तपासायला व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सूत्र पुरतं. उत्तर किलो प्रति मीटर. १२ मिलीमीटरची १२ मीटरची सळई १०.६७ किलो भरायला हवी. काट्यावर थोडी कमी भरली तर लगेच चोरी म्हणू नका, मानकातच १० च्या वर १६ मिलीमीटरपर्यंत ५ टक्के इकडे-तिकडे मान्य आहे. पण सूत्राचं वजन आणि काटा पावतीचं वजन यांतलं जे जास्त ते लावायचं, अशी सोयीची अदलाबदल बिलात दिसली तर ती रोखा. पूर्ण बिलाला एकच पद्धत. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि फरशी-गिलाव्यात बोलला जाणारा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकाच बिलात दोन्ही आले तर कुठला कोणता ते लिहून घ्या.

बुजलेल्या कामांचं काय? पाया, जोत्यातला भराव, फरशीखालचे पाइप आता दिसत नाहीत. इथं फोटो, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, सळईचा तक्ता (बार बेंडिंग शेड्यूल) आणि इंजिनिअरच्या साइट भेटीच्या नोंदी एवढाच आधार. यातलं काहीच नसेल तर ड्रॉइंगवरचं माप दोघांनी मान्य करा आणि पुढं चला. खोदून बघण्याचा खर्च सहसा फरकापेक्षा जास्त पडतो.

तपासणी ५: एक्स्ट्राचं पान

या पानावर एकूण रकमेशी भांडू नका. प्रत्येक ओळीसमोर चारपैकी एक अक्षर लिहा.

ज: जमिनीनं करायला लावलं. काळी माती खोल लागली, पाया चार फूट खाली न्यावा लागला. हे द्यायचं, माप सिद्ध झालं की.

मा: मालकानं मागितलं. भिंत हलवली, खिडकी मोठी केली, विजेचे पॉइंट वाढवले. हेही द्यायचं. घरातल्या कुणीतरी साइटवर जाऊन सांगितलेलं असतं आणि बाकीच्यांना पत्ता नसतो. आधी घरात विचारा. हे वाक्य मी बहुतेक प्रत्येक मालकाला सांगतो आणि ते बहुतेकांना आवडत नाही.

चू: ठेकेदाराची स्वतःची चूक दुरुस्त केली. ओळंब्यात नसलेली भिंत पाडून पुन्हा उभी केली. हे द्यायचं नाही.

आ: आधीच दरात होतं. पाणी मारणं, पालक (परांची) बांधणं, राडारोडा उचलणं, मिस्त्रीची देखरेख. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर हे कामाच्या दरातच येतं. द्यायचं नाही.

पानावरच्या ओळी अशा वाटल्या की वाद फक्त 'ज' आणि 'मा' च्या दरावर उरतो. तो असा ठरवा: बाब मूळ करारात असेल तर तोच दर. नसेल तर साहित्याची पावती, प्रत्यक्ष मजुरी आणि त्यावर दहा ते पंधरा टक्के. त्यावरही जमलं नाही तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची काढा. ती खासगी कामाला बंधनकारक नाही, पण दोघांपैकी कुणाच्याच घरचा कागद नसल्यामुळे बैठकीत तिचा उपयोग होतो.

टाइल्ससारख्या गोष्टीत मूळ दर पाहा. कोटेशनमध्ये चौरस फुटाला ५० धरले आणि तुम्ही ८० ची निवडली, तर वाढ ३० ची. बिलात पूर्ण ८० 'एक्स्ट्रा' म्हणून आले असतील तर ५० दोनदा लागलेत.

आणि आता वजाबाकी. एक्स्ट्राच्या पानावर नेहमी फक्त अधिकच असतात. तुम्ही रद्द केलेला माळा, कमी केलेली कंपाउंड वॉल, स्वतः आणलेली बेसिनं, यांची उणे यादी तुम्हीच करायची असते. ती केल्यावर बऱ्याच ठिकाणी एक्स्ट्राचा आकडा निम्म्यावर येतो, आणि ठेकेदारही फारसं नाही म्हणत नाही, कारण त्याचा अधिक तुम्ही मान्य केलेला असतो.

तपासणी ६: जीएसटी

थोडक्यात. ठेकेदाराचा जीएसटी क्रमांक विचारा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करता येत नाही. निव्वळ मजुरीच्या करारावर, स्वतंत्र एका घराच्या बांधकामासाठी, जीएसटी माफ आहे. मटेरियलसह काम असेल आणि तो नोंदणीकृत असेल तर कर लागतोच. मग प्रश्न एवढाच की ठरलेला दर करासह होता की कर वेगळा. करार गप्प असेल तर सुरुवातीची बिलं कशी लावली तेच धरा.

तपासणी ७: कागद आणि पैसे एकाच टेबलावर

'आधी पैसे' आणि 'आधी कागद' ही कोंडी फोडायचा एकच मार्ग मला चालताना दिसलाय: दोन्ही एकाच बैठकीत समोरासमोर. त्याआधी काय हवं त्याची यादी लेखी पाठवा. त्यात साधारण हे येतं: सर्व रनिंग (टप्प्याटप्प्यानं लावलेली) बिलं आणि अंतिम बिल, काँक्रीटच्या क्यूबचे (ताकद तपासायच्या नमुन्याच्या ठोकळ्यांचे) ७ आणि २८ दिवसांचे अहवाल, सळईचं टेस्ट सर्टिफिकेट, वॉटरप्रूफिंग आणि वाळवीप्रतिबंधक कामाची हमीपत्रं, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय त्याचा निदान हातानं काढलेला नकाशा.

यातला कोणता कागद खरंच त्याच्याच हातात आहे, ते आधी बघा. महावितरणला लागणारा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक विद्युत ठेकेदार देतो, आणि तो बहुधा वेगळाच माणूस असतो; त्याची मजुरी तुम्ही थेट चुकती केली (मुख्य ठेकेदाराची लेखी संमती घेऊन, बिलातून वजा करून) तर मीटरचा खोळंबा त्याच दिवशी सुटतो. पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवट्यासाठी तुमच्या आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरची सही लागते, ठेकेदाराची अडवणूक तिथं फार चालत नाही. क्यूब टेस्ट केलीच नसेल तर 'पैसे दिल्यावर देतो' या उत्तराला काही अर्थ नसतो; प्रयोगशाळेचं नाव आणि तारीख विचारा, लगेच कळतं.

आकडा ठरला की एका पानाचा तडजोडीचा कागद करा: मान्य एकूण रक्कम, आजवर दिलेली, आज देतोय ती, अनामत म्हणून ठेवलेली आणि तिची तारीख, दोषांची यादी आणि कोणता दोष कधीपर्यंत दुरुस्त होणार, दिलेले कागद, आणि 'याशिवाय दोन्ही बाजूंची काही मागणी नाही'. शेवटचं वाक्य नसेल तर सहा महिन्यांनी नवं पान येतं. दोन साक्षीदार, पैसे बँकेतून.

पुढच्या तारखेचे धनादेश मात्र विचार करून द्या. धनादेश परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली प्रकरण फौजदारी होतं: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, तुम्हाला पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिनाभरात तक्रार. 'दुरुस्ती केली नाही म्हणून धनादेश थांबवला' हा बचाव कोर्टात मांडता येतो, पण तिथवर जायची वेळ कशाला आणायची.

तपासणी ८: तिसरा माणूस

दोघं मोजायला तयार नसाल तर दोघांनाही मान्य असलेला सिव्हिल इंजिनिअर किंवा व्हॅल्युअर (बांधकामाची किंमत काढणारा) आणा. फी निम्मी-निम्मी. एकट्यानं आणलेल्या माणसाचा अहवाल दुसरा मानत नाही, मग तो कितीही खरा असो. त्याला 'कोण बरोबर' विचारू नका. माप, केलेल्या कामाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, या तीन आकड्यांपुरतं काम द्या.

ठेकेदार काम सोडून गेला असेल तर ही पायरी आधी येते. दुसऱ्या ठेकेदारानं एक वीट रचली की पहिल्याचं काम कुठं संपलं हे सिद्ध करणं अवघड होतं. पहिल्याला स्पीड पोस्टानं तारीख कळवा, तो आला नाही तरी इंजिनिअर आणि दोन पंचांसमोर मोजणी करून घ्या. मगच नवा माणूस.

तपासणी ९: नोटीस आणि पुढं

इथून पैसे आणि वेळ दोन्ही लागतात. आधी स्वतःच्या सहीचं मुद्देसूद पत्र, मग वकिलाची नोटीस. पत्रात मापं, मान्य-अमान्य बाबींचा तक्ता आणि मागणी, विशेषणं नकोत.

स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या घराच्या कामात ठेकेदाराची सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. 'सेवा' च्या व्याख्येत गृहबांधणीचा उल्लेखच आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, २० ते ५० लाखांत १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. करारात लवादाचं (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा घेण्याचं) कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. दर्जाची तक्रार असेल तर इंजिनिअरचा अहवाल जोडाच. नुसत्या फोटोंवर आयोगाला दुरुस्तीचा खर्च ठरवता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

हा रस्ता ठेकेदाराला नाही. त्याची थकबाकी दिवाणी न्यायालयात, साधारणपणे काम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत. दोघांनाही लवकर सुटायचं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (खटला भरण्याआधी) अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, पण तो दोघांच्या संमतीनंच होतो. म्हणून माझ्या मते लोकअदालत फरक कमी उरल्यावर उपयोगी. मापंच ठरलेली नसतील तर तिथं नुसती तारीख मिळते.

इथं स्वतः करणं थांबवा

स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा: बीम-कॉलमला तडे, झुकलेला स्लॅब, उघडी किंवा गंजलेली सळई, क्यूबचा नापास अहवाल. रिबाउंड हॅमर किंवा कोअर टेस्ट (काँक्रीटची ताकद तपासायच्या चाचण्या) लागेल का ते तोच सांगेल. त्याचा अहवाल येईपर्यंत ना गिलावा, ना फरशी, ना त्या कामापोटी पैसे. झाकलेला तडा दुरुस्त झालेला नसतो.

वकिलाकडे जा: तुम्हाला नोटीस आली असेल (मुदत चालू झालीय, उत्तर स्वतः लिहू नका), दिलेला धनादेश बँकेत टाकण्याची धमकी आली असेल, करारात लवाद असून लवाद नेमल्याचं पत्र आलं असेल, किंवा दोन वर्षांची मुदत जवळ आली असेल. मुदत जवळ असेल तर 'बैठक घेऊ, बघू' हे समोरच्याला सोयीचं असतं, तुम्हाला नाही.

सीएला विचारा: ठेकेदाराला एका आर्थिक वर्षात ५० लाखांवर पैसे गेले असतील तर. घरगुती मालकालाही तिथं टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापावा लागतो.

पोलिसांकडे जा: मारहाण, धमकी, साइटवरून तुमचं साहित्य उचलून नेणं, खोट्या सह्या. नुसत्या हिशेबाच्या फरकासाठी गेलात तर 'दिवाणी बाब आहे' हे उत्तर मिळेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

आणि फरक इंजिनिअरच्या आणि वकिलाच्या फीपेक्षा कमी उरला असेल, तर उरलेला निम्मा-निम्मा करून तपासणी ७ मधला कागद त्याच दिवशी सही करून घ्या.